अडवलेला प्याला

१० नोव्हेंबर, रविवार

असं करायला नको होतं यांनी. आमच्या पुढच्या खोलीत रविवारच्या सभेला सगळी मंडळी बसलेली, हे प्रभुभोजनाचा प्याला फिरवत होते. लीलाधरनं हात पुढे केला — आणि यांनी प्याला मागे घेतला. "तुला शुक्रवारी दारूच्या ठेक्यावर पाहिलं. आधी पश्चात्ताप कर." सगळ्यांसमोर! त्याची बायको मथुराबाई तिथंच, मान खाली घालून बसलेली.

लीलाधर उठला, चपला घातल्या, गेटातून वळून म्हणाला, "अब देखना प्रवीणभाऊ, ये सभा कैसे चलती है. थाने में बोल दूँगा, यहाँ लोगों का धरम बदलते हैं."

मंडळी गेल्यावर मी गेटाला कडी घातली, दोनदा ओढून पाहिली.

११ नोव्हेंबर

यांच्या आजोबांपासून आम्ही ख्रिस्ती, कोणाचा धर्म कधी बदलला नाही. पण ठाण्यात ऐकणार कोण? इथला धर्मांतराचा कायदा कडक, अर्ज गेला की यांना उचलून नेणार. जामीन कधी मिळेल देव जाणे. मोहल्ल्यातली पोरं दगड घेऊन आली तर?

यांना म्हटलं, जा, माफी मागा. म्हणे, "मी डोळ्यांनी पाहिलं. माफी कसली?" म्हटलं, चुकलेल्या भावाशी आधी एकट्यानं जाऊन बोलावं, हे तुम्हीच शिकवता ना मंडळीला? तर टीव्हीचा आवाज वाढवला. हेकट माणूस.

१३ नोव्हेंबर

गेट वाजलं, हातातून ताट पडलं. दूधवाला होता.

१६ नोव्हेंबर, शनिवार

राहवलं नाही. यांना न सांगता रिक्षा करून बहादरपूरला गेले, लीलाधरच्या घरी. रस्ताभर वाटत होतं, उतरावं आणि परत फिरावं. त्यानं हाकलून दिलं तर? आणखी चिडला तर?

हाकललं नाही. खाटेवर बसून होता. "भाभी, भिकनला आणायला गेलो होतो ठेक्यावर. पडलेला होता. धाकटा भाऊ आहे माझा, तसाच सोडू का? प्रवीणभाऊंनी एकदा विचारलं तर असतं."

खरंच, एकदा विचारायचं होतं. मी रडले. यांच्या वतीनं हात जोडले. तर हा भिंतीकडे तोंड करून बसला. मथुराबाई चहा ठेवून आत गेली, बाहेर आलीच नाही. "उद्या येशील ना?" म्हटलं. "येईन," एवढंच.

परत येताना बरं वाटायला पाहिजे होतं. नाही वाटलं. माझ्याकडे बघत का नव्हता तो?

घरी येऊन यांना भिकनचं सांगितलं. टीव्ही बंद केला. मग म्हणाले, "उद्या सगळ्यांसमोर माफी मागतो."

१७ नोव्हेंबर, रविवार

हे बोलायला उभे राहिले आणि गेटाशी पोलिसांची जीप. "प्रवीण कौन? शिकायत आई है."

यांच्याआधी लीलाधर पुढे गेला. "मैंने दी थी साब, परसों, शुक्रवार को. झूठी है. गुस्से में लिखवाई." शिपायानं दंडाला धरून त्याला तसंच अनवाणी जीपमध्ये घातलं. यांना म्हणाला, "तुम भी आओ पीछे."

यांनी दारातल्या चपलांच्या ढिगातून लीलाधरच्या शोधल्या, हातात घेतल्या आणि जीपमागं चालत निघाले. यांच्या स्वतःच्या अजून दारातच आहेत.