बाहेरून उघडणारं दार

३ मे
तळघरातलं काम पूर्ण. ‘लार्कचे फरारी’ मालिकेतल्या अवकाशयानाचं हवाबंद दार, हुबेहूब, इथे टोलेडोत, माझ्या घरी! चॅनलवाल्यांनी अकराव्या भागानंतर मालिकेचा गळा घोटला त्याला पंधरा वर्षं झाली. मूर्ख लेकाचे. दरवर्षी १७ मे रोजी, मालिका बंद पडली त्या दिवशी, आमची चाहत्यांची टोळी इथे जमते, मालिकेतल्यासारखे पीचचे डबे फोडते आणि रडते. यंदा मी आत कोंडलेला असेन, चौथ्या भागातल्या कप्तानासारखा. बाहेरून टोळी विचारणार, “आत कप्तान की माल?” मी गरजणार, “कप्तान!” मग दार उघडणार.

मार्लिसने (बायको, मालिकेतलं तिला ओ की ठो कळत नाही, मी बघत असतो तेव्हा शेजारी बसून विणते) विचारलं, “आतून कडी कुठाय?” सांगितलं, चौथ्या भागात आतून कडी नाहीच. “त्यांना ‘कट’ म्हणणारा माणूस होता, ओरिन,” म्हणाली. दुर्लक्ष केलं.

५ मे
मार्लिसला पार दूर, टूसॉनच्या हॉस्पिटलात मोठी जागा मिळाली. अभिनंदन केलं. “आणि तू येणार ना?” विचार करतो म्हटलं. कप्तान टोळीला सोडून जात नाही. हे मी म्हणत नाही, सातवा भाग म्हणतो.

९ मे
मार्लिस सतरा तारखेला दुपारी गाडी भरून निघणार. तोवर हो की नाही ते सांग म्हणाली. नेमकी सतराच! संकल्प: उद्या तिच्याशी मनमोकळं बोलायचं.

१० मे
बोललो नाही. दाराला रंगाचा दुसरा हात दिला.

१३ मे
थियाचा फोन. (टोळीतली आमची वैमानिक. एरवी शाळेची बस चालवते.) तिच्या मुलाची बेसबॉलची मॅच आहे, जमणार नाही. “आपण पन्नाशीला आलो रे, ओरिन.” मी म्हटलं, फरारी माणसाला वय नसतं. तिने ‘बरं’ म्हणून फोन ठेवला. भारावली असावी.

१५ मे
टोळीतला गॉर्डी ‘बघतो’ म्हणाला, म्हणजे येणारच. गेल्या वर्षीही बघतो म्हणाला होता, पण टायर पंक्चर झालं. त्याच्या आदल्या वर्षीही टायरच. त्याला चांगले टायर सुचवायला हवेत.

मार्लिसने पुन्हा विचारलं. म्हटलं, यान असं टाकून कसं येऊ? “तळघर म्हण, तळघर,” म्हणाली, आणि खोक्याला चिकटपट्टी लावत राहिली. जरा जोरातच लावत होती.

१७ मे, सकाळ
मार्लिस बहिणीचा निरोप घ्यायला गेलीय. परत आली की सांगायचंय काय ते. आधी टोळी. फोन वर ठेवला. चौथ्या भागात कप्तानाजवळ फोन नव्हता. पीचचे डबे, वही आणि पेन घेऊन आत शिरलो. दार ओढलं. काय घट्ट बसलं! याला म्हणतात कारागिरी.

थोड्या वेळाने
कोणी नाही. फरारी लोक वेळेवर थोडेच येतात?

आणखी थोड्या वेळाने
भूक लागली. पीचचा डबा फोडायची सुरी कप्तानाच्या पट्ट्यात असते. पट्टा यंदा पोटावर बसेना म्हणून वरच राहिला. धुण्यात आटला असणार.

मालिका का बंद पडली असेल? कदाचित कोणी बघत नव्हतं. हे वाक्य खोडायचंय.

दुपार असावी
वर डिकीचा आवाज. पुन्हा डिकी. गॉर्डी नव्हे, मार्लिस सामान भरतेय. हाका मारल्या, लाथा घातल्या. दार कसलं मजबूत झालंय, कोणत्या गाढवाने केलंय हे!

ती जाईल. मी गॉर्डीची वाट बघत बसेन, आणि गॉर्डी येणार नाही. तो कधीच येणार नव्हता. मला मार्लिसबरोबर जायचंय. भीती वाटतेय. हे वहीत लिहून काय उपयोग?

१७ मे, गाडीत
जिन्यावर पावलं वाजली. दाराशी थांबली. मग मार्लिस अगदी चौथ्या भागातल्या आवाजात म्हणाली, “आत कप्तान की माल?”

पंधरा वर्षं नुसती विणत बसायची ही बाई!

‘कप्तान’ पार ओठांवर आलं होतं. “माल,” म्हटलं.

“मग चढ गाडीत.”

पुढच्या सीटवर तिच्या कुंड्या असल्याने मागे बसलोय, खोक्यांच्या मधे. अर्थात हे तात्पुरतं आहे. टोळीला तसं कळवलं. गॉर्डीचं लगेच उत्तर आलं: “अरेच्चा, आज होतं का?”

पंपावर मार्लिसने पीचसाठी ओपनर घेतला. मी पाय मोकळे करायला निघालो, तर माझ्या बाजूचं दार आतून उघडेना. लहान मुलांसाठीचं लॉक. मार्लिसने आरशातून बघत विचारलं, “कडी हवी होती का?”

नको म्हटलं.