उपडं ताट

मंगळवार, ५ नोव्हेंबर

प्रिय शहाण्या,

ताईचे आशीर्वाद. इकडे सगळं ठणठणीत आहे, माझे गुडघे सोडून. त्यांची चौकशी तू कधी केली नाहीस, तेव्हा तेही ठणठणीत धरून चाल.

तू फोन उचलत नाहीस. मेसेज पाठवते, ते पोचतात आणि तिथेच पडून राहतात. शेवटी म्हटलं, पत्र लिहावं. फोन कापता येतो, पण पत्र फाडायचं म्हटलं तरी फाडता फाडता दोन ओळी वाचल्या जातातच. तू रागावलायस हे मला ठाऊक आहे. बाबा गेल्यावर हॉलवरून आपलं जे वाजलं ते वाजलं. तुला हॉल विकायचाय, मला नाही, आणि दोघांच्या सह्यांशिवाय काही व्हायचं नाही. ते भांडण आपण निवांत भांडू. आत्ता तू बरा आहेस एवढं कळलं तरी मला पुरे. एका ओळीचं उत्तर टाक. ‘बरा आहे, डोकं खाऊ नकोस’ असं लिहिलंस तरी चालेल.

आता हॉलच्या बातम्या. शनिवारी एक लग्न झालं. नवरीच्या काकांनी माइक हातात घेतला तो सोडेचनात. शेवटी आपल्या आचाऱ्याने ‘पानं वाढलीत’ असं दारातून ओरडून सांगितलं तेव्हा कुठे सुटका झाली. पानं काही वाढलेली नव्हती. त्या लग्नाच्या भाड्यातून रक्तदानवाल्यांचा फुकटचा रविवार निघाला, आणि मागच्या खोलीत शिवणाचा वर्ग परत सुरू केलाय. तू म्हणशील, हा हॉल आहे की धर्मशाळा. म्हण. बाबांनाही लोक तेच म्हणायचे, आणि ते म्हणायचे, थोडा हॉल, थोडी धर्मशाळा.

मंगळवारचं जेवणही चालू आहे. परवा नव्या वाढप्याला मी सगळी रीत समजावून सांगितली. आसपासच्या एकट्या राहणाऱ्या माणसांसाठी हे जेवण आहे. ज्याची त्याची जागा ठरलेली. प्रत्येकाचं ताट आधीच मांडायचं, पण उपडं. आलेला माणूस आपल्या हाताने आपलं ताट सुलटं करतो. आपण फक्त सुलट्या ताटात वाढायचं, तोंडाकडे बघत बसायचं नाही, म्हणजे कुणाला ओशाळल्यासारखं होत नाही. आणि सगळे जेवून उठल्यावर जे ताट उपडंच राहील ते भरायचं, झाकायचं आणि त्या माणसाच्या दारी घेऊन जायचं. जेवण पोचवायला नाही, माणूस बघायला. दार उघडेपर्यंत हलायचं नाही. नवा वाढपी म्हणाला, आणि नाहीच उघडलं तर? मी म्हटलं, म्हणून तर जायचं.

दारोदार जायचं काम अजून पोस्टमनकाकांकडेच आहे. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी त्यांच्या पायांना ते कुणी कळवलेलं दिसत नाही.

एक गंमत सांगते. गेले काही मंगळवार एक ताट जास्त मांडलं जातंय. शेवटच्या ओळीत, खिडकीजवळ, जिथे गार वारा लागतो म्हणून कुणी बसत नाही तिथे. आचारी म्हणतो मी मांडलं नाही, वाढपी म्हणतो मी मांडलं नाही. मी दोघांनाही झापलं. एकाला तरी लागू पडलं असेल.

तब्येतीला जप. उत्तर टाक.

तुझी,
ताई


मंगळवार, १९ नोव्हेंबर

प्रिय शहाण्या,

आशीर्वाद. तुझं उत्तर नाही.

तुझ्या कंपनीत फोन केला होता. रागावू नकोस, मी फक्त बहीण बोलतेय म्हटलं. तिथली मुलगी म्हणाली की ते रजेवर आहेत, परत कधी येणार ते माहीत नाही. तू घरूनच काम करतोस, तेव्हा तू टेबलाशी आहेस की नाहीस हे तिथे कोण डोकावून बघणार? रजा घेऊन कुठे गेलास? गेला असशील तर चांगलंच आहे म्हणा. समुद्राकाठी बिमुद्राकाठी पडला असशील पालथा, आणि मी इथे पत्रं खरडतेय.

मागच्या पत्रात मी त्या जास्तीच्या ताटाची गंमत लिहिली होती. ती अर्धीच लिहिली होती. ते ताट नुसतं मांडलेलं नसतं रे. ते सुलटं असतं. वाढपी ताटं बघत येतो, सुलटं दिसलं की वाढतो, मीच तसं शिकवलंय त्याला. आणि जेवणं आटोपल्यावर ते ताट रिकामं असतं. खुर्चीवर कुणी बसलेलं कुणालाच दिसत नाही. मी स्वतः एका मंगळवारी तिकडे नजर लावून उभी राहिले. मध्येच आचाऱ्याने हाक मारली, मी मान वळवली, परत बघते तर भात संपलेला. आधी मी मांजरावर संशय घेतला. पण मांजर भाजीतले वाटाणे वेचून ताटाच्या कडेला एकामागे एक असे लावून ठेवत नाही.

हे लिहायचं नव्हतं मला. धुवायच्या ताटांत ते ताट दिसलं आणि माझ्या हातातून पातेलं सुटलं. आचाऱ्याने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, गुडघा. आई गेल्यावर बाबा तुला मंगळवारी हॉलवरच जेवायला बसवायचे, त्या खिडकीजवळ, आणि तू वाटाण्यांची अशीच आगगाडी करायचास. त्यावरून मी तुला किती मारलंय. हे इथे माझ्याशिवाय कुणालाही माहीत असायचं कारण नाही.

त्या खुर्चीशेजारी मास्तरीणबाई बसतात. आता त्यांना डोळ्यांनी अजिबात दिसत नाही, पण जीभ वर्गात होती तशीच आहे. आज मी त्यांना सहज विचारावं तसं विचारलं, बाई, शेजारी कुणी बसतं का हो? तर मलाच म्हणाल्या, “म्हणजे काय? तो मुलगा बसतो की. चांगला आहे, फक्त बोलत नाही.” मी म्हटलं, मग तो आहे हे तुम्हाला कळतं कसं? म्हणाल्या, “खोकतो ना. आधी थोडा खोकायचा, आता फार खोकतो. आज तर त्याचा हात इतका थरथरत होता की चमचा ताटावर वाजत होता. मी पाण्याचा पेला सरकवला त्याच्याकडे. तुम्ही लोक सगळ्यांच्या दारी जाता, या पोराला कुणी डॉक्टरकडे का नेत नाही?”

पेला मी बघितला. अर्धा प्यालेला होता.

भांडून इथून जाताना तू मला काय म्हणाला होतास, आठवतं? इथे सगळ्या गावाची विचारपूस होते, घरच्या माणसाची सोडून. तेव्हा मला वाटलं, रागाच्या भरात बोलतोयस. आणि मला राग आला तो आलाच. मी काही देव नाही.

मी काय म्हणतेय ते तुला कळतंय. मला ते इथे शब्दांत मांडायचं नाही. तू जिवंत, धडधाकट माणूस आहेस, तिसऱ्या मजल्यावर राहतोस, आणि नाकावर राग घेऊन बसला आहेस, बस. तेवढंच आहे. खोकला असेल तर गरम पाणी पी आणि डॉक्टरकडे जा. आणि फोन उचल. दोन शिव्या घाल, चालतील मला. भीती वाटते रे.

हे पत्र पोस्टमनकाका स्वतः पेटीत टाकून येतो म्हणाले. मी पत्ता लिहिला तेव्हा त्यांनी तो दोनदा वाचला.

वाट बघतेय.

ताई


बुधवार, २७ नोव्हेंबर
तुझ्या दाराबाहेर, जिन्यावर

शहाण्या,

खाली तुझी टपालपेटी बघितली. फटीतून माझी दोन्ही पत्रं दिसतात, एकावर एक. म्हणजे यातलं तुला काहीच माहीत नाही. मग हे वाच आधी.

काल मंगळवार होता. मी सकाळपासून त्या खिडकीकडे बघत होते, आणि तुला खरं सांगू का, इतके दिवस मला ते ताट रिकामं झालेलं बघून धडकी भरायची, काल मात्र मी ते कधी रिकामं होतंय याची वाट बघत होते. माणसं आली, आपापली ताटं सुलटी करून बसली. मास्तरीणबाईंनी आल्या आल्या शेजारच्या खुर्चीवर हात फिरवला, परत एकदा फिरवला. वाढून झालं. जेवणं झाली. खुर्च्या सरकल्या, माणसं उठली, हात धुवून गेली. ते ताट शेवटपर्यंत उपडंच राहिलं.

पोस्टमनकाका नेहमीसारखे झाकणं घेऊन आले. त्या ताटापाशी थांबले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “हे कुणाच्या दारी न्यायचं?” ते ऐकून मागे थांबलेल्या मास्तरीणबाई रडायला लागल्या. आचाऱ्याने मला काही न विचारता ताट सुलटं केलं, भात वाढला, भाजी वाढली, वाटाणे वेचून बाजूला काढले आणि दुसऱ्या ताटाने झाकून कापडात गाठ मारली. मी म्हटलं, हे मी नेते.

रात्रीच मिळाली ती बस धरली. वाटभर ताट मांडीवर होतं. शेजारच्या बाईने विचारलं, कुणाकडे? मी म्हटलं, भावाकडे, जेवायचा राहिलाय.

आता मी तुझ्या दारापाशी आहे. बेल वाजवली, दार बडवलं, तुझ्या सगळ्या नावांनी हाका मारल्या, लहानपणीच्या त्या घाणेरड्या नावानेसुद्धा. समोरचे लोक बाहेर आले आणि आत गेले. खालच्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या की तुझ्या घरात दिवसाही दिवा जळतोय, आणि मागच्या आठवड्यापर्यंत खोकल्याचा आवाज यायचा, आता येत नाही. त्यांना वाटलं, बरं वाटत असेल. त्या बिचाऱ्या धावत किल्लीवाल्याला आणायला गेल्यात, डॉक्टरलाही घेऊन येते म्हणाल्या. दार उघडेपर्यंत मी इथून हलणार नाहीये. रीत तीच आहे.

मघापासून आतून एक आवाज येतोय. अगदी बारीक. चमचा ताटाला लागावा तसा, थांबून थांबून. आधी वाटलं, माझ्याच मांडीवरच्या ताटाचं झाकण हलतंय. म्हणून ते खाली ठेवलं आणि त्याच्यापासून दूर सरकून दाराला कान लावला. आवाज येतोच आहे. तो तू असशील तर मला आणखी काही नको. आणि तो तू नसशील, माझ्या हॉलमध्ये येऊन जेवणारा जो कोण होता तो असेल, तर त्याला सांग की त्याची बहीण आली आहे.

हॉल विकायचाय ना तुला, विकू. किल्लीवाला येईपर्यंत कागद आण, मी जिन्यावर बसून सही करते. मंगळवारच्या माणसांचं काय करायचं ते माझं मी बघेन, त्यांना आपल्या घरात जेवायला घालीन. तुझं बरोबर होतं, माझं चूक होतं, बाबांचंही चूक होतं, तुला जे हवं ते. तू फक्त अस.

तुला उठता येत नसेल तर उठू नकोस. बोलता येत नसेल तर बोलू नकोस. कडी फार वर राहिली, तिथवर हात पुरणार नाही कदाचित, पण जमिनीवरून सरपटत दारापर्यंत येता येईल बाळा, एवढं तर येता येईल. मी हा कागद आता दाराखालून आत सरकवतेय. पूर्ण नाही, अर्धा. अलीकडचं टोक माझ्या बोटांत आहे आणि मी ते सोडणार नाही. पलीकडचं टोक तू धर आणि नुसतं ओढ.

दाराला टेकून बसलेली,
तुझी ताई