डावं मागचं चाक

९ नोव्हें., रवि.
बाळू सकाळी पुण्याहून आला, आईला न्यायला. थंडी संपेपर्यंत तिकडे ठेवतो म्हणाला. धाकट्याला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सुचलं. आईची पिशवी परवापासून दारात. चहा होईपर्यंत त्याची गाडी मागून डावीकडे बसली. एवढी थोरली गाडी, आणि टायर पार मडगार्डात शिरलेला. एअर सस्पेन्शन. स्प्रिंगच्या जागी हवेचे फुगे. हवा गेली की संपलं.

दिवाळीत तो ती पहिल्यांदा घेऊन आला तेव्हाच मी म्हणालो होतो, ही सेकंडहँड घेणं म्हणजे पांढरा हत्ती पोसणं. कुणाला आवडलं नव्हतं. आज आई सगळ्यांसमोर: "बोललास ना तवा? बसली बघ."

बाळूला उद्या ऑफिस, ट्रॅव्हल्सनं परत गेला. किल्ली माझ्याकडे. "दादा, तू बघ ना. तू तर कंपनीत मेंटेनन्सलाच होतास." आईची कमर बस सोसत नाही, तिला ही मऊ गाडीच पाहिजे. म्हणजे गाडी उठेपर्यंत आई इथंच. आणि खापर माझ्यावर.

१० सोम.
फुग्यावर साबणाचं पाणी मारलं. गळत असेल तर बुडबुडे येतात. एक नाही. पाइपाच्या जोडांवर मारलं. तिथंही नाही. सुनंदा शाळेत शिकवून आली, बादलीकडे बघून म्हणाली, नळ आता शुक्रवारी येणार, माहितीये ना. आणि जेवायला चला.

कॉम्प्रेसर चालतो. बाकीचे तीन कोपरे ठीक. हाच कोपरा थोडा भरला की आपणहून हवा सोडतो. फुटलेलं काही नाही. गाडी मुद्दाम बसतेय. का, ते कळेना.

१२ बुध.
कॉम्प्रेसर चालू-बंद करणारा रिले क्रांती चौकातून आणून बदलला. फरक शून्य. व्हॉल्व्ह काढून साफ केला. शून्य.

आईला ऐकू कमी येतं, म्हणून फोनवर ती गल्लीला ऐकू जाईल असं बोलते. आज बाळूला सांगत होती, "अरं, त्याला करायचीच नसंल. मी तिकडं येऊ नये म्हून." मी खाली पाना घेऊन आडवा, वर खिडकी. मी तिथं आहे हे तिला ठाऊक होतं की नाही, कळायला मार्ग नाही.

खरं तर उलट आहे. एकदाची जाऊ दे असं वाटतं. गरम पाण्याची पिशवी, पथ्य, आणि उठता-बसता "बाळू असता तर". कमरेचा पट्टा रोज मी बांधतो, नाव त्याचं. लिहून टाकलं. बरं वाटलं.

१५ शनि.
कंपनीतला जुना दोस्त शेख बिघाडाचे कोड वाचायचं मशीन घेऊन आला. जोडलं. मशीन म्हणतं, डावी मागची बाजू फार उंच आहे. इकडे गाडी जमिनीला टेकलेली आणि मशीनला ती उंच दिसते. म्हणून गाडीचा कॉम्प्युटर हवा सोडत बसतो, उंची कमी करायला. शेख म्हणाला, "भाई, हवा का मसलाच नै. उंची नापनेवाला सेन्सर झूट बोलरा."

सेन्सर चाकामागं, पार आत. गाडी उचलल्याशिवाय दिसणार नाही. ठोकळे शोधायला हवेत.

आईनं शेखला चहा दिला. माझ्याकडे बोट करून विचारलं, "हा करंल का नीट?" शेख बशीत चहा ओतायला लागला.

१८ मंगळ.
सापडलं.

सस्पेन्शन बंद करून गाडी जॅकवर घेतली, खाली ठोकळे. सेन्सरला एक लहानशी कांडी असते, तिचं दुसरं टोक चाकाकडे अडकवलेलं. त्यावरून गाडीला उंची कळते. ते टोक सुटून कांडी लोंबत होती. आणि तिला काळ्या दोऱ्यानं बांधलेलं: वाळलेलं लिंबू, बिब्बा, कोळसा, घोड्याची अख्खी नाल. नालेच्या वजनानं कांडी खाली. कांडी खाली म्हणजे कॉम्प्युटरच्या हिशेबी गाडी उंच. झालं.

दोरा कापला, टोक दाबून बसवलं, जॅक काढला, इंजिन सुरू. म्हैस उठते तशी उठली, मागून. एकटाच हसलो. लोक लिंबू-मिरची पुढं लावतात, सगळ्यांना दिसेल अशी. इतक्या आत कुणी बांधली?

संध्याकाळी आईपुढं ठेवलं. ती शेंगा सोलत होती.
"ही कुठं गावली? मीच दिली की करून, दिवाळीत. बाळूनं बांधली."
"पण आत काहून? पुढं का नाही?"
"पुढं तुला दिसली असती."
मला कळलं नाही. खरंच नाही कळलं. मी विचारलं, मला दिसली तर काय होतं?
"तुझ्यासाठीच तर केली व्हती. तुझी नजर लई कडक हाय, दत्ता. ल्हानपनापासून. गंगापूरची आपली गाय आठवती का? केवढं दूध देती म्हनलास, अन् आटली. तुझा दोष नाय त्यात. असती एकेकाची."
सांगताना हात थांबलेसुद्धा नाहीत. टरफलं मी उचलली.

१९ बुध.
समजावून बघितलं. गाडी माझ्या नजरेनं बसली नाही, त्या नालेनं बसली. तिचं उत्तर: "नाल नसती तर वाटंत उलटली असती."

सु. म्हणते, फेका ते उकिरड्यावर. मी विचारलं, माझी नजर कडक आहे का गं? म्हणाली, चष्म्याचा नंबर वाढलाय एवढं खरं. हसवायला म्हणाली. मला हसू आलं नाही. दिवाळीत त्या गाडीत बसून मी स्टिअरिंगवरून हात फिरवला होता, ते आईनं ओट्यावरून बघितलं असणार. हेवा वाटला होता, नाही असं नाही. पण वाईट चिंतलं नव्हतं.

बाळूला फोन. गाडी झाली म्हटल्यावर खूश, रविवारी येतो. सहज विचारलं, मागं काय बांधलं होतंस? म्हणाला, आवाज तुटतोय. मग, "आईचं आपलं काहीतरी रे. तू नको मनावर घेऊस."

मनावर घेतलं असं मी म्हणालोच नव्हतो. म्हणजे त्यालाही माहीत होतं. मला अंधारात ठेवून माझ्याच दारात बांधली, आणि दुरुस्तीला किल्ली माझ्याच हातात.

२२ शनि.
उद्या बाळू. कांडीला नवी क्लिप टाकली. काल नळ आला, म्हणून गाडी धुतली. एका रेषेत उभी आहे.

दुपारी आई म्हणाली, गाडी मोकळी नाय ठेवायची, आज शनिवार हाय. नवं लिंबू, नवा बिब्बा ओवून तयार. नाल तीच. आईला वाकवत नाही, सु. हात लावेना. मीच बांधलं. पुढं, नंबर प्लेटखाली, सगळ्या सेन्सरांपासून लांब. दोनदा ओढून बघितलं. पक्कं आहे.

पिशवी पुन्हा दारात. पट्टा कसा बांधायचा ते बाळूला दाखवायला हवं, त्याला जमायचं नाही. ती गेली की सुटलो असं वाटत होतं. आज तसं काही वाटत नाही.

दिवे लागल्यावर आईनं पट्ट्यासाठी हाक मारली. मी मागं उभा राहून बांधत होतो. भिंतीकडे बघत म्हणाली, "दत्ता, उद्या गाडी निघंल तवा तू भाईर नको येऊ. आतच थांब. सुनंदाला येऊ दे."

मी पट्टा ओढून घेतला.
"लई आवळलास," म्हणाली.
सैल केला.