समोरची खुर्ची

पिंचर्स आर्म, न्यूफाउंडलंड
२३ जानेवारी १९८७

प्रिय सेली,

तुझं नाताळचं पत्र आणि टोरांटोचा केक, दोन्ही पोचलं. केक फार गोड आहे, पण चहाबरोबर खपतो. इकडे सगळं ठीक. गारलंड बरा आहे, वेळेवर जेवतो. बंदरात बर्फ धरलाय. शेजारच्या व्हायोलाच्या खुराड्याचं छप्पर वाऱ्याने उडालं आणि ती देवाला सोडून सगळ्यांना बोल लावते आहे.

फोनवर तू बोलतेस आणि मी हूं हूं करते, म्हणून लिहायला बसले.

यंदाही, ऑक्टोबरातच, चिंध्यांच्या गालिच्याची चौकट स्वयंपाकघरात मांडली. गोणपाट ताणलं, जुने कपडे फाडून पट्ट्या केल्या. तुझा तो हिरवा कोटही कापला, ज्याच्या खिशात तू खारवलेला मासा लपवून शाळेत नेला होतास. इतकी वर्षं झाली तरी वास काही जात नाही. त्याचं गालिच्यावरचं गवत करीन म्हणते.

आठवतं, आई आपल्याला चौकटीच्या दोन बाजूंना समोरासमोर बसवायची? दोघींनी आपापल्या कडेपासून आकडीने पट्ट्या ओढत मध्ये येऊन भेटायचं. मी थोरली, माझं काम बारीक, म्हणून माझं तोंड खिडकीकडे. तुझी पाठ. तू रोज कुरकुरायचीस की डॉर्कसला बंदर दिसतं, आलेल्या-गेलेल्या होड्या दिसतात, मला काय दिसतं? आई म्हणायची, "तुला डॉर्कस दिसते, ते काय कमी आहे?" त्यावर तू मला जीभ दाखवायचीस.

गालिच्यावरची बोट मात्र पुरुषांनीच काढायची, ही आपली रीत. बायका काढतात त्या बोटींचे दोर चुकतात, आणि चहाला येणारा प्रत्येक कोळी त्यावर बूट पुसताना हसतो. बाबांनंतर, आमचं लग्न झाल्यापासून, ते काम गारलंडचं. चुलीतली जळकी काटकी घेऊन तो एका दमात बोट काढायचा. यंदा त्याने माझ्या बाजूचा मागचा भाग काढला, सुकाणू, एक शीड, आणि पुढचं टोक, नाळ, न काढताच काटकी खाली ठेवली. म्हणाला, "नाळ सेलिनाच्या बाजूला येते. ती आली की काढू. आत्ता काढली तर तिच्या कोपराखाली पुसेल."

मी म्हटलं, "सेलिना टोरांटोत आहे. आज येतेय का ती?"

"दुकानात गेली असेल," तो म्हणाला. मी चेष्टा समजून हसले.

ती चेष्टा नव्हती. पुढे नोव्हेंबरात तो नुसत्या मोज्यांवर धक्क्यावर गेला, त्याच्या वडिलांची बोट बांधायला. ती बोट केव्हाच मोडीत गेली, तुला ठाऊक आहे. आता तो शहरात आहे, वृद्धाश्रमात. वर लिहिलं ते खोटं नाही, तो वेळेवर जेवतो. तिथल्या बाया भरवतात म्हणून जेवतो.

मागच्या रविवारी व्हायोलाच्या नवऱ्याने मला गाडीने नेलं. गालिचा चौकटीवरून सोडवून, गुंडाळून नेला होता, बरोबर काटकीही. वाटलं, हात आपोआप चालेल. त्याने सुकाणूवरून बोट फिरवलं आणि काम चोख आहे म्हणाला. मग माझ्याकडे बघितलं. धक्क्यावर अनोळखी पोर दिसलं की आपण विचारतो ना, तसं विचारलं, "तू कुणाची गं?"

मी बाबांचं नाव सांगितलं, "एली पिन्सेंटची."

"एलीला दोन मुली. दुसरी कुठंय?"

मी काटकी त्याच्यापुढे धरली. त्याने ती हातात घेतली नाही.

घरी आल्यावर गालिचा पुन्हा चौकटीवर ताणून माझी बाजू मध्यापर्यंत पुरी केली. पलीकडे माझा हात पोचत नाही. म्हणून काल उठून तुझ्या खुर्चीत बसले. नाळ आपणच काढू, हसणारे हसू देत, असं ठरवलं होतं. वर बघितलं तर समोर माझी खुर्ची, तिच्यावर माझी चपटी झालेली उशी, आणि कुणी नाही. तू कुरकुरत बसायचीस तेव्हा निदान मी तरी होते तिथे. फार एकटं वाटलं, सेली. मी काटकी चुलीत टाकली.

कामावर रजा मिळते का बघ. नवी काटकी जाळू, नाळ आपण दोघी काढू, वाकडी आली तर येऊ दे. या खेपेला माझ्या खुर्चीत तू बस आणि हवं तेवढं बंदर बघ. मी खिडकीकडे पाठ करून बसेन. तिथून मला तू दिसशील.

पत्राची नव्हे, तुझी वाट बघणारी,
तुझी थोरली,
डॉर्कस