चालणारं पांढरं

आई, आज सकाळी खोडं घासायला आलेल्या बायकांना मी बागेच्या फाटकावरूनच परत पाठवलं. तू गेल्यावर आम्ही इथं तासगावकडं द्राक्षबाग लावली, म्हणून तुला पहिल्यापासून सांगते. मण्यांत पाणी उतरायला लागलंय, म्हणजे घड पिकायला लागलेत. अशा वेळी पिठ्या ढेकूण दिसला की झोप उडते. पिठात लोळल्यासारखा पांढरा किडा, सालीखाली दडून रस शोषतो आणि घडावर चिकटा सोडतो. चिकट्यावर काळी बुरशी धरते, आणि तसला घड व्यापारी हातातसुद्धा घेत नाही. तोडणी जवळ आली की औषधही मारता येत नाही, मालात अंश राहतो. म्हणून यंदा मी हट्टानं ढालकिडे आणून सोडले. तुझे लाल, काळ्या ठिपक्यांचे नव्हेत. हे काळपट, डोक्याकडं तांबूस, मसुरीच्या दाण्याएवढे. त्यांना खायला पिठ्या ढेकूणच आवडतो.

लाल ढालकिडे मला मलकापूरच्या आपल्या स्वयंपाकघरापासून माहीत आहेत. खिडकीवर घेवडा चढलेला, शेंड्यांना काळा मावा, आणि तू चुलीतली राख ताटलीत घेऊन उभी. राख टाकण्याआधी तू पानं उलटून बघायचीस. खाली पिवळी अंडी ओळीनं चिकटलेली दिसली की तो शेंडा तसाच सोडायचीस, म्हणायचीस, ह्यातनं निघणाऱ्यांचं जेवण आपण कशाला नासवायचं. मी एक ढालकिडा चिमटीत धरते. तो पाय आत ओढून तळहातावर उताणा पडतो, आणि माझ्या बोटाला काहीतरी पिवळं, उग्र वासाचं लागतं. मी रडायच्या बेतात. तू म्हणतेस, "मेला न्हाई त्यो, सोंग करतोय. गुडघ्यातनं कडू रगत काढतोय, म्हंजे चिमणीनं चोच मारली तर तिनं थुकून टाकावं. थांब जरा, उठंल." आणि तो उठतो, बोटाच्या टोकापर्यंत चालत जातो आणि उडतो. एकदा मी काडेपेटीत पाच-सहा कोंडले, तेव्हा मात्र पाठीत धपाटा बसला. "उपाशी ठिवलंस तर एकमेकाला खातील, कळतंय का?" मिरजेच्या दवाखान्यात तू डोळे मिटून पडली होतीस, तेव्हाही मी मनात तेच म्हणत बसले होते, थांब जरा, उठेल. फार वेळ बसले होते मी.

तर आता गोची अशी की ह्या नव्या ढालकिड्यांची पिल्लं अगदी पिठ्या ढेकणासारखी दिसतात. अंगावर तसेच मेणाचे पांढरे झुपके. मुंग्या चिकट्याच्या गोडीपायी ढेकणांची राखण करतात, परका कुणी आला तर चावून हाकलतात. ही पिल्लं त्यांना घरचीच वाटतात, आणि मुंग्यांच्या देखत ढेकणं खातात. मुंग्या फसतात ते ठीक आहे, पण आमच्या घरातलं माणूसही फसतं त्याला काय करावं. तुझा जावई फौजेतून आल्यापासून खोडावर पांढरा ठिपका दिसला की त्याला चैन पडत नाही. दरवर्षी छाटणीनंतर ओल्या पोत्यानं खोडं घासून घेतो, बुटाला पॉलिश करावं तशी. काल संध्याकाळी हे बागेतून आले ते कपाळाला आठ्या घालूनच.

"अगं, लय वाढलंय पांढरं. बायकांना सांगून आलोय. उद्या घासून काढू."

"आवं, ती आपली पिल्लं असतील."

"असतील का हायत?"

पुस्तकात चित्र बघणं वेगळं आणि आपल्या वर्षाच्या पिकावर बोट ठेवून सांगणं वेगळं. घासलं आणि ती पिल्लं असली, तर आपले राखणदारच गेले, सालीखालचे ढेकूण मात्र राहणार. नाही घासलं आणि ते ढेकूण निघाले, तर घड गेले.

आज उजाडल्यावर मी गवताची काडी घेऊन बागेत गेले. एका पांढऱ्याला टोचलं, ते तुरुतुरु चालायला लागलं. पुढचंही चाललं. त्याच्या पुढचं मात्र बसल्या जागी बसून राहिलं. कुठं सगळी चालणारी, कुठं निम्मी. तेवढ्यात बायका पोती घेऊन फाटकाशी आल्या, मागून हे बादली घेऊन आले. मी आडवी उभी राहिले. आवाज शांत काढला. "थांबा जरा. माझी आई सांगायची, चालतंय ते आपलं, बसलंय ते परकं. घासलं तर आधी आपलं जाईल."

ह्यांनी बादली खाली ठेवली. तुला माहीत आहे, सुट्टी संपवून निघताना तुझ्या हातची भाकरी बांधून घेतल्याशिवाय हे कधी गाडीत बसले नाहीत. "मामी म्हनायच्या असं?" एवढंच विचारलं. मी मान हलवली. "मग ऱ्हाऊ दे चार दिवस."

दुपारपासून मी सारखी बागेत जाऊन येतेय. शेवटच्या ओळीत एका घडावर चिकटा चमकताना दिसला. तो तोडून आणला आणि इथं ओट्यावर पातेल्याखाली झाकून ठेवलाय. दुपारी जेवून आडवे झालेले हे अजून झोपलेत. उठले की दाखवीन म्हणते, पण धीर होत नाही.

आई, तू द्राक्षबाग कधी पाहिलीच नाहीस. चालतंय ते आपलं, असं तू कधी म्हणाली नव्हतीस. ते फाटकाशी उभी असताना माझ्याच तोंडून निघालं. माझ्या शब्दावर ह्यांनी बादली ठेवली नसती, म्हणून तुझं नाव घेतलं. त्यातलं थांब जरा एवढंच तुझं आहे.