सम भाग नथूचे, विषम माझे

मी, विठ्ठल बहिरू वाळंज, वय सहासष्ट, एसटीतून निवृत्त झालेला वाहक, राहणार मुळशी, तालुका मुळशी, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. पौडच्या डॉक्टरांनी तसा दाखला दिला असून तो सोबत जोडला आहे. मला कोणी धमकावलेले नाही, काही पाजलेले नाही, की गोड बोलून भुलवलेले नाही. गोड बोलायला आता माझ्याकडे फारसे कोणी येतही नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही आणि यानंतर करण्याचा विचार नाही.

कलम १. राहते घर, परसातली विहीर आणि बँकेत जे काही शिल्लक असेल ते माझा एकुलता मुलगा मनीष याला मिळावे. तो हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. चांगला मुलगा आहे. दर रविवारी फोन करतो, जेवलात का विचारतो, मी जेवलो म्हणतो. त्याची आई सुलक्षणा हयात नाही. तिचे दागिने तिने स्वतःच सुनेला दिले होते, तेव्हा त्यावरून कोणी कपाटे उचकू नयेत.

कलम २. माझा वाहकाचा बिल्ला मनीषने ठेवावा किंवा टाकून द्यावा, पण मोडीत विकू नये.

कलम ३. माझे भाताचे शेत वडिलोपार्जित नाही. मी नोकरीच्या पगारातून घेतले आहे. तेही मनीषलाच मिळावे. तो ते विकणार, हे मला ठाऊक आहे. रिसॉर्ट बांधणारे एक शेठ येऊन पाहून गेले आहेत. धरणाचे पाणी समोर दिसते म्हणून त्यांना फार आवडले. ते चारी बाजूंनी दगडी भिंत घालणार आहेत. विकायला माझी हरकत नाही. मात्र शेताच्या पूर्वेची वाट, बैलगाडी जाईल एवढी, विकता येणार नाही. ती वाट मी माझ्या शेजारीण श्रीमती सगुणाबाई नथू शेडगे यांना कायमची, पूर्ण मालकीने देत आहे. त्यांच्या घरी आणि शेतात जायला दुसरा रस्ता नाही. दुसरीकडे ओढा आहे आणि पावसात तो कमरेला लागतो.

मनीष म्हणाला, "बाबा, वाट सोडली तर शेठ घेणार नाहीत." नाही घेतले तर नाही घेतले. आंबेमोहोर लावावा.

कलम ४. माझ्या कपाटात जकातदाराच्या कादंबऱ्यांची पूर्ण मालिका आहे. ती नथूची नात अपेक्षा हिला द्यावी. ती पौडच्या शाळेत नववीत आहे. वाट कोणाला, पुस्तके कोणाला आणि का, हे नंतर कोणी मनीषला विचारत बसू नये म्हणून इथेच लिहितो.

कादंबऱ्या यादवांच्या काळातल्या आहेत. घाटाच्या तोंडाशी जकातनाका, तिथला जकातदार सोमदेव. कोकणातून मिठाचे, खोबऱ्याचे तांडे वर येतात. दर भागात कोणीतरी मेलेला सापडतो आणि सोमदेव खुनी शोधून काढतो. त्याच्याबरोबर मल्लू नावाचा मशालवाला असतो. मला सोमदेव आवडायचा, कारण माणसाच्या गाठोड्याकडे बघून तो माणूस ओळखायचा आणि मीही गाडीत जन्मभर तेच केले. नथूचा जीव मल्लूवर. "तुझा सोमदेव नुसता बसतुया," म्हणायचा. "रानात हिंडतुया कोन? मल्लू."

पहिला भाग मी अठ्ठ्याण्णव साली पुण्यातून आणला. पुढे दर दिवाळीला एक निघू लागला, तेव्हा आम्ही ठरवले की विषम भाग मी घ्यायचे आणि सम नथूने. ज्याने आणला त्याने आधी वाचायचा. मग शेवटचे प्रकरण सुतळीने बांधून दुसऱ्याला द्यायचा. दुसऱ्याने बांधावर येऊन खुन्याचे नाव सांगायचे आणि मगच सुतळी सोडायची. नथू बहुतेक वेळा बरोबर सांगायचा. उरवड्याच्या कारखान्यात फिटर होता. म्हणायचा, "मशिनीगत हाय. आवाज कुटनं येतोय तेवढं बघायचं." मी फार वेळा चुकलो.

नवव्या भागापर्यंत हे चालले. मग जमिनीचे भाव वाढले. वाट माझी, असे नथू म्हणू लागला. मी म्हणालो, माझी. सरकारी मोजणी आणली, खुणा रोवल्या, वाट माझी निघाली. मी तारेचे कुंपण घातले, लोखंडी फाटक बसवले आणि कुलूप लावले. नथू भाताची पोती ओढ्यातून डोक्यावर न्यायला लागला. वाट माझीच होती, हे मी आजही म्हणतो. मोजणीचा नकाशा त्याच कपाटात आहे. ज्याला शंका असेल त्याने बघावा.

त्यानंतर दहावा भाग त्याने घेतला, अकरावा मी, बारावा त्याने. कोणी कोणाला दिला नाही. पुण्यात दुकानात दहावा समोर मांडलेला असायचा. मी हात लावला नाही, तो नथूचा नंबर होता. त्यामुळे मी नवव्यानंतर एकदम अकरावा वाचला. त्यात मल्लू नव्हताच. सोमदेव स्वतः मशाल पेटवत होता आणि मल्लूचे नावही कोणी काढत नव्हते. दहाव्यात त्याचा खून झाला असणार, असे मी धरून चाललो. अकराव्यात जो येईल त्याच्याकडे, यानेच मल्लूला मारले की काय, म्हणून बघत राहिलो.

गेल्या दिवाळीनंतर पौडच्या स्टँडवर मी गाडीत बसलो होतो. नथू खिडकीशी आला. दोन वर्षांनी बोलला.

"इठू, बारावा वाचला. मल्लूचं तुला सांगायचं हाय."

"तो नंबर माझा नाही," मी म्हणालो.

"आरं, ऐक तर."

मी हात वर केला आणि दोरी ओढली. डबल बेल. निवृत्त माणसाने गाडीला घंटी द्यायची नसते. वाहक नरहरी मागे तिकिटे देत होता. तो काही बोलायच्या आत गाडी सुटली होती. नथू थोडा गाडीबरोबर चालला, मग थांबला.

माघात तो गेला. हृदय बंद पडले. मी अंत्ययात्रेत मागून चाललो. घरी येऊन चहा केला, त्यात साखर जास्त पडली. मला काही वाटले नाही. मी वाट पाहिली, आज वाटेल, उद्या वाटेल. अजून रडू आलेले नाही. मनीष म्हणतो डॉक्टरला दाखवू. दाखवून काय सांगायचे?

आषाढात सगुणाबाई आल्या. ओढ्यातून आल्यामुळे लुगडे कमरेपर्यंत भिजले होते. डोक्यावर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली सहा पुस्तके होती. तेवढी मात्र कोरडी होती.

"हे घ्या," म्हणाल्या. "मला अक्षर येत न्हाई. घरात ठिवून काय करू?"

"अपेक्षा वाचेल की."

"ती म्हनती, आज्जे, एक सोडून एक कशी वाचायची?"

मी म्हणालो, "नथूने अकरावा विकत का नाही आणला?"

"मी म्हनलं व्हतं, आना की. तर म्हनले, अकरावा इठूचा हाय. त्यो दील तवाच वाचीन."

चहा घ्या म्हटले तर थांबल्या नाहीत. "ओढ्याला पानी चढतंय," म्हणाल्या आणि गेल्या. मी दारात उभा राहून त्या पलीकडे पोचेपर्यंत बघत होतो. फाटकाची किल्ली माझ्या खिशात होती.

पुस्तके उघडली तर दहाव्याचे आणि बाराव्याचे शेवटचे प्रकरण सुतळीने बांधलेले. आमच्यात बोलणे नव्हते, वाट बंद होती, तरी त्याने बांधून ठेवले होते.

मल्लू मेलेला नव्हता. दहाव्यात सोमदेव एका तांड्याला नाक्याचे दार उघडत नाही. त्यावरून दोघांचे भांडण होते आणि मल्लू मशाल टाकून कोकणात निघून जातो. एवढेच. बाराव्याच्या सुरुवातीला तो परत येतो. दार बंद असते. सोमदेव उठतो, दार उघडतो आणि कुठे होतास, असेही विचारत नाही. नथूला मला एवढेच सांगायचे होते. ते वाचूनही मला काही वाटले नाही. पुस्तक मिटले आणि फाटकाचे कुलूप काढून ओढ्यात टाकले.

कलम ५. फाटकाला पुन्हा कुलूप लावण्याचा हक्क माझ्या कोणत्याही वारसाला किंवा खरेदीदाराला नाही.

कलम ६. दोन्ही सुतळ्या मी सोडलेल्या नाहीत. नाव सांगितल्याशिवाय सोडायच्या नाहीत असे ठरले होते आणि ऐकायला बांधावर कोणी नव्हते. म्हणून खालील साक्षीदारांसमोर माझा अंदाज नोंदवतो. दहाव्यात खुनी तांड्याचा नायक. बाराव्यात मिठाचा व्यापारी. साक्षीदार शरदचंद्र गुरुजी म्हणतात की मृत्युपत्रात असले लिहीत नाहीत. लिहिले आहे. माझ्यामागे अपेक्षाने सुतळ्या सोडून बघावे. चुकलो असलो तर नथूच्या फोटोसमोर जरा मोठ्याने सांगावे.

कलम ७. अकरावा नथूने वाचलेला नाही. त्याचे शेवटचे प्रकरण मी आज सुतळीने बांधले आहे. अपेक्षाने तिथवर वाचावे, वाटेवर फाटकाशी उभे राहावे आणि आजोबांच्या वतीने नाव सांगावे. खरा खुनी कोण हे मी सगुणाबाईंना सांगून ठेवले आहे. त्या कोणाला सांगणार नाहीत.

वरील मजकूर वाचून, समजून सही केली.

विठ्ठल बहिरू वाळंज

साक्षीदार:
१. शरदचंद्र मारणे, निवृत्त शिक्षक, पौड
२. नरहरी ढमाले, एसटी वाहक, पौड (त्या दिवशी गाडीत मी होतो. घंटी यांनीच दिली.)

ठिकाण: मुळशी, शेताच्या पूर्वेच्या वाटेवर, फाटक उघडे असताना
दिनांक: २२ ऑगस्ट २०१०