खालचा लाल स्क्रू

ती. आईस,
धाकट्याचा वाकून नमस्कार.

मी वेळेवर जेवतो. तुझा गुडघा कसा आहे? खरं लिही.

दुकानात एका आजींचा जुना सीडी प्लेअर साफसफाईला आला होता, अगदी पहिल्या काळातला, ट्रंकेसारखा जड. मी तो आतून पुसला, दिसेल तो स्क्रू घट्ट आवळला आणि मग तो वाजेचना! मालकांनी मला अजून कायम केलेलं नाही, त्यामुळे दोन दिवस घास उतरला नाही.

काल मालकांनी तो उलटा करून खालचा लाल स्क्रू दाखवला. "अरे शहाण्या, आतली लेझर हलू नये म्हणून हा फक्त प्रवासापुरता आवळतात. मुक्कामाला पोचलं की सैल करायचा!" त्यांनी तो सैल केला आणि गाणं सुरू झालं. प्लेअर न्यायला आलेल्या आजींनी तिथेच स्टुलावर बसून अख्खी सीडी ऐकली. निघताना मालकांनी किल्ली माझ्या हातात दिली. म्हणाले, "उद्यापासून दुकान तू उघडायचं."

आई, कधीही परत पाठवतील म्हणून तीन महिने मी बॅग भरलेलीच ठेवली होती. आज सगळे कपडे कपाटात लावले. बॅगेच्या तळाशी तू गुपचूप ठेवलेला स्वेटर सापडला. तो घालूनच लिहितो आहे.

तुझा,
धाकटा